अर्जातली नऊ वर्षं : भुसावळच्या एका चित्रकर्तीचं प्रकरण

जळगावात दरवर्षी भरणाऱ्या एका सामूहिक चित्रप्रदर्शनाच्या मांडणीचं काम माझ्याकडे असतं. अर्ज गोळा करायचे, चित्रं उतरवून घ्यायची, भिंती वाटायच्या, प्रदर्शन संपलं की ज्याचं त्याला परत पोचवायचं. निवड समिती वेगळी, तिथे मला मत नसतं. काही वर्षांपूर्वी या प्रदर्शनाकडे आलेला एक अर्ज पहिल्याच चाळणीत बाद झाला. तो का बाद झाला, पुढे काय घडलं आणि काय घडू शकलं नाही, हे सगळं इथे लिहिते आहे. प्रदर्शनाचे नियम लिहिण्याचं काम ज्यांच्या हातात असतं, त्यांनी हे वाचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. चित्रकर्तीची लिहायला परवानगी आहे. नाव तिच्याच सांगण्यावरून दिलेलं नाही, आणि घरच्यांचे काही तपशील बदलले आहेत.

अर्ज कसा बाद झाला

अर्जदार बाईंचं वय ३८. माहेर अमळनेरचं, सासर भुसावळचं. शिक्षण जी. डी. आर्ट, रेखा व रंगकला. शेवटच्या वर्षी कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनात बक्षीस, त्यानंतर नाशिक आणि पुण्यात सामूहिक प्रदर्शनं, मग लग्न. ‘मागील दहा वर्षांतील प्रदर्शने’ या रकान्यात दहा ओळी होत्या. पहिल्या ओळीत एक नोंद होती. उरलेल्या नऊ ओळींवर वरून खालपर्यंत एक तिरकी रेघ मारलेली होती.

सोबत बारा चित्रं आली होती. औषधांची पुठ्ठ्याची खोकी उलगडून सपाट केलेली आणि त्यांच्या आतल्या करड्या-पांढऱ्या बाजूवर काळी शाई, कुठेकुठे गेरू. खोक्यांच्या पाकळ्या कापून टाकलेल्या नव्हत्या. त्यामुळे एकाही चित्राला सरळ चौकट नव्हती. एका पाकळीवर औषधाची मुदत संपण्याची तारीख बाहेरून दाबून छापलेली होती, ती आतून उलटी, उठावासारखी दिसत होती. ती जागा तिने मुद्दाम रिकामी सोडली होती. चित्रांत होतं काय? झोपलेल्या मुलाच्या कानामागची घडी. तोंड उघडं टाकलेली औषधाची बाटली. आणि एका म्हाताऱ्या बाईचा आखडलेला डावा हात, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या बाजूंनी.

नकाराची कारणं तीन होती. किमान आकार १८ बाय २४ इंच हवा होता, हे सगळं त्याहून कितीतरी लहान. युवा विभागाची वयोमर्यादा ३५, ती उलटून गेलेली. आणि खुल्या विभागासाठी ‘कामात सातत्य दिसत नाही’. समितीतल्या एका ज्येष्ठांनी अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने शेरा लिहिला होता, ‘हात चांगला आहे, छंद म्हणून जपावा.’ शेरा लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. मला सगळ्यात जास्त तेच टोचलं. कुणाचं मन वाईट नसताना, नियमाप्रमाणे, एक चित्रकर्ती यादीतून पुसली जाते.

बिस्किटाच्या डब्यातलं सातत्य

चित्रं परत द्यायला मी तिच्या रेल्वे क्वार्टरवर गेले. तिचे यजमान मालगाडीवर गार्ड आहेत. हल्ली त्या हुद्द्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण भुसावळात अजून सगळे गार्डच म्हणतात. मालगाडीच्या ड्यूटीला ठरलेली वेळ नसते. निघायच्या साधारण दोन तास आधी फोन येतो, मग डबा, बॅग, आणि माणूस एकदा गेला की कधी दुसऱ्या दिवशी परततो, कधी त्याहून उशिरा. घरी आला की त्याची झोप सांभाळायची. या घरात ‘मंगळवारी दुपारी दोन तास माझे’ असं कुणाला ठरवताच येत नाही. हे लिहायचं कारण असं, की ‘इच्छा असली की वेळ निघतो’ हे वाक्य तिने आजवर अनेकांच्या तोंडून ऐकलेलं आहे.

तिने कपाटावरून एक मोठा पत्र्याचा बिस्किटाचा डबा काढला. आत खोकीच खोकी, वर्षावार रबर लावून ठेवलेली. सगळ्यात जुनी बोटभर लांबीची, बाळाच्या थेंबांच्या बाटल्यांची. मग सिरपची. मग सासूबाईंच्या रक्तदाबाच्या आणि पक्षाघाताच्या गोळ्यांची, त्यांचा पुठ्ठा मोठा आणि जाड. ज्या नऊ वर्षांवर अर्जात रेघ मारलेली होती ती सगळी वर्षं त्या डब्यात होती.

प्रत्येक खोक्याच्या मागे तारीख आणि वेळ. ‘२.१० ते २.४०.’ ‘५.०५ ते ५.३०, पहाट.’ काहींवर फक्त सुरुवातीची वेळ. मी विचारलं, शेवटची का नाही? ती म्हणाली, “मॅडम, तिथे बाळ उठलं.”

त्या नोंदी लावत गेले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, आणि या प्रकरणातला सगळ्यात भक्कम पुरावा माझ्या मते हाच आहे. दरवर्षी वैशाखात काही चित्रं एकदम मोठी होती. साडीच्या खोक्यांच्या झाकणांवर काढलेली, मागे ‘११ ते ४’ अशी सलग वेळ. ते आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे दिवस. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. ही माहेरी गेली की मुलं तिच्या आईकडे असत आणि ही माळवदावरच्या खोलीत बसे. तीच बाई, तेच हात, तीच शाई. मुलांना बघणारं दुसरं कुणी असलं की चित्र चौपट मोठं व्हायचं. सासूबाईंना पक्षाघात झाला त्या वर्षापासून आखाजीला माहेरी जाणं बंद झालं, आणि डब्यातली मोठी झाकणंही तिथेच थांबली.

निवड समितीला लहान आकारात छंद दिसला. त्या आकारात खरं तर एका घरातली शुश्रूषेची वाटणी दिसत होती.

माध्यमाचंही तेच. पदविकेला ती तैलरंगात काम करत असे. तैलरंग वाळायला दिवसच्या दिवस लागतात, रांगतं मूल ओल्या कॅनव्हासवर हात मारतं, आणि दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये टर्पेन्टाइनचा वास तान्ह्या बाळाच्या नाकाशी जातो. म्हणून पहिल्या बाळंतपणातच तेल सुटलं. जलरंग आले. भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा कागदावर टेकवायच्या आधीच रंग कुंचल्यावर वाळायचा. शेवटी शाई उरली. बाटली, बोरू, एक कुंचला, पाण्याचा कप आणि पुठ्ठा हे सगळं ती पिठाच्या परातीत ठेवते. मूल उठलं, सासूबाईंनी हाक मारली, फोन वाजला, की परात जशीच्या तशी उचलायची आणि फ्रिजवर ठेवायची. काम पुन्हा सुरू करायला मांडामांड लागत नाही. अर्ध्या तासातली दहा मिनिटं मांडामांडीत गेली तर चित्र होतच नाही, हे तिने अनुभवाने ठरवलेलं आहे. मोठमोठ्या स्टुडिओंमध्ये मी कामाची इतकी काटेकोर व्यवस्था पाहिलेली नाही.

हे एका घरापुरतं नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं काम बिनपगारी करणाऱ्या बायकांची त्यातली रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुषांची ९७. घरातल्यांच्या संगोपन-शुश्रूषेला बायकांची १३४ मिनिटं, पुरुषांची ७६. नोकरदार बाईला निदान कायद्याचा आधार आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करावी लागते. स्वतःच्या जिवावर चित्रं काढणाऱ्या बाईला मालकच नसतो, मग रजा कोण देणार? तिच्या रजेला अर्जात ‘खंड’ म्हणतात.

घराबाहेर न पडलेला कलावंत

समितीत या अर्जावर नंतर चर्चा झाली तेव्हा एकाने म्हटलं, “घरात बसून कुणी चित्रकार होतं का? हिंडावं लागतं, भेटावं लागतं.” मला चाळीसगाव आठवलं. केकी मूस तिथे राहत. मुंबईत आणि परदेशात शिकून आलेले हे छायाचित्रकार दशकानुदशकं आपल्या बंगल्याबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. टेबलावर वस्तूंची मांडणी करून त्यांनी घरातच एकाहून एक छायाचित्रं केली. १९८९ साली ते गेले, आणि आजही आपण अभिमानाने सांगतो, आमच्या खानदेशात असा एक योगी कलावंत होऊन गेला. तो अभिमान रास्तच आहे, त्यांचं काम खरोखर थोर आहे. पण घरात राहून केलेलं काम पुरुषाचं असलं की ती साधना होते, आणि बाईचं असलं की ‘घरात बसून’ होतं. दोघांत फरक एवढाच की मूस यांच्या घरात त्यांना मध्येच उठवणारं कुणी नव्हतं. मग मध्येच उठावं लागूनही ज्यांचं काम होतं, त्यांचं मोल कमी कसं?

दुसरी आठवण अर्थातच बहिणाबाई चौधरींची. असोद्याची लेक, जळगावची सून, अक्षरओळख नाही. शेत, जातं, चूल आणि लेकरं यांच्यातच त्यांची गाणी झाली. ती आज आपल्यापाशी आहेत याचं कारण त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी ती लिहून घेतली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये गाणी छापून आली. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. बहिणाबाईंचं उदाहरण देऊन लोक म्हणतात, बघा, संसार करूनही कला होतेच. मला त्यातून नेमकं उलटं दिसतं. लिहून घेणारं कुणी नसतं तर त्या ओळी जात्याच्या घरघरीतच विरल्या असत्या. खानदेशातल्या आणखी किती बायांच्या तशा विरल्या असतील! कला होणं आणि कला दिसणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम आयोजकांचं, नियम लिहिणाऱ्यांचं, म्हणजे आमचं आहे.

“विषय घरगुती आहे”

हा आक्षेप तोंडी आला, कागदावर नाही. पण तो खरा अडसर होता, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर.

जळगावहून तासा-दीड तासाच्या रस्त्यावर अजिंठा आहे. आपल्याकडच्या प्रत्येक कला महाविद्यालयाची सहल तिथे जाते, विद्यार्थी प्रतिकृती काढतात. सतराव्या लेण्यात बुद्धासमोर यशोधरा लहानग्या राहुलला पुढे करून उभी आहे. आमच्यातल्या कितीजणांनी ती आई आपल्या स्केचबुकात उतरवली असेल! दुसऱ्या लेण्यात हारितीचं शिल्प आहे, पायथ्याशी मुलांचा गलका, त्यांना छडी दाखवणारे गुरुजीसुद्धा. आई हा विषय दीड हजार वर्षांपूर्वी लेण्यात चालतो. मग तीच आई हातात बोरू घेऊन स्वतः बसली की विषय घरगुती कसा होतो?

परदेशात हे भांडण अर्धशतक जुनं आहे. अमेरिकेतल्या मिअर्ल लेडरमन युकेलिस यांनी पहिल्या मुलीच्या जन्मानंतर, १९६९ मध्ये एक जाहीरनामा लिहिला. त्यात त्यांनी म्हटलं की धुणं, पुसणं, भरवणं, सांभाळणं ही जगाला चालू ठेवणारी कामं आहेत, आणि मी तीच कला म्हणून मांडणार. १९७३ मध्ये त्यांनी हार्टफर्डच्या एका संग्रहालयाच्या पायऱ्या लोकांदेखत धुतल्या. पुढे न्यूयॉर्कच्या सफाई खात्यातल्या साडेआठ हजार कामगारांशी त्यांनी एकेकाला गाठून हस्तांदोलन केलं. लंडनमध्ये मेरी केली यांनी १९७३ ते १९७९ या काळात आपल्या मुलाच्या वाढीची दस्तऐवजासारखी मांडणी केली. त्यात लंगोटाच्या डागाळलेल्या अस्तरांवर बाळाला काय भरवलं याची नोंद होती. १९७६ मध्ये ती अस्तरं प्रदर्शनात लागली तेव्हा वर्तमानपत्रांनी गदारोळ केला. आज ते काम कलेच्या इतिहासात शिकवलं जातं. आपल्याकडे माधवी पारेख १९६० च्या दशकात, पहिल्या मुलीच्या वेळी दिवस गेलेले असताना, चित्रं काढू लागल्या. औपचारिक कलाशिक्षण नव्हतं. गुजरातेतल्या आपल्या गावाच्या आठवणी, भरतकाम, रांगोळी यांतून त्यांनी स्वतःची भाषा घडवली.

मी तिला मेरी केलींच्या नोंदींबद्दल सांगितलं तेव्हा ती बराच वेळ आपली खोकी उलटीपालटी करून बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे मागची वेळ पण चित्रातच धरायची?” पुढच्या वर्षी तिने खोकी भिंतीला टेकवून न लावता दोऱ्याने टांगली. मागची बाजूही दिसली पाहिजे, हा तिचा आग्रह.

नियम बदलले, त्याचं काय झालं

समितीने माझ्याकडून सूचना मागवल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा मान्य केल्या. त्याबद्दल समितीला श्रेय द्यायलाच हवं. किमान आकाराची अट गेली. ‘मागील दहा वर्षांतील प्रदर्शने’ जाऊन तिथे ‘या कामाबद्दल पाच ओळी’ आलं. वयोमर्यादा मात्र बराच वेळ अडली. सगळीकडेच अशी असते, म्हणून आपलीही असावी, हा मुद्दा होता. आणि असते हे खरंच आहे. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलावंतांची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयासाठी आणि कनिष्ठ अधिछात्रवृत्ती २५ ते ४० साठी आहे. मुली लग्न करतात, बाळंत होतात, अंगावरच्या मुलांना मोठं करतात, ती हीच वर्षं. उलट, विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने नोकरीत खंड पडलेल्या स्त्री शास्त्रज्ञांसाठी २००२-०३ पासून वेगळी योजना चालवली. शास्त्रज्ञ बाईला परत येण्याची वाट आहे, तर चित्रकार बाईला का नको? शेवटी ठरलं की युवा विभागात वयातून संगोपनाची किंवा शुश्रूषेची वर्षं वजा करायची, आणि त्यासाठी अर्जदाराचं स्वतःचं लेखी निवेदन पुरे. कुणाकडून दाखले मागायचे नाहीत.

उद्घाटन संध्याकाळी सात वाजता असायचं. सात म्हणजे कुकर, गृहपाठ, सासूबाईंची औषधं आणि परतीच्या गाडीचा घोर. ते रविवारी सकाळी अकराला घेतलं. पाहुणे कमी आले, हे मान्य करते. एक-दोन नेहमीचे मान्यवर नाराजही झाले. पण त्या दिवशी भुसावळ, पाचोरा, धरणगावहून आलेल्या बायकांनी दालन भरलं होतं, मुलं कमरेवर, पिशव्या खांद्यावर.

पैशाचा प्रश्न होताच. शाल-श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि फ्लेक्स यांवरचा खर्च कमी करून, घरी कुणाला तरी सांभाळायला ठेवून यावं लागणाऱ्या प्रत्येक सहभागी कलावंताला दिवसाला पाचशे रुपये द्यायचे ठरवलं. रक्कम लहान आहे. तरी शेजारच्या मावशींना सासूबाईंजवळ बसवायला ती पुरली. “उपकार मागायला लागले नाहीत,” असं ती म्हणाली तेव्हा मला त्या पाचशे रुपयांचं खरं मोल कळलं.

एक गोष्ट फसली. आम्ही दालनाशेजारची एक खोली मुलांसाठी ठेवली होती. सतरंजी, खडू, कागद, आणि बसायला एक कॉलेजची मुलगी. पहिल्या दिवशी तिथे एकही मूल आलं नाही. अनोळखी मुलीच्या हाती मूल सोपवायला कोण तयार होईल? दुसऱ्या दिवशी प्रदर्शनातल्याच एका चित्रकर्तीच्या आईला तिथे बसवलं. त्यांनी दाण्याचे लाडू आणले होते. मग खोली भरली. अशा व्यवस्थेत ओळखीचा चेहरा आधी लागतो, खडू-कागद नंतर.

प्रसिद्धीचं मात्र काही सुधारलं नाही. एका वर्तमानपत्रात तिच्याबद्दल बातमी आली, तिचा मथळा होता की रेल्वे गार्डच्या पत्नीने संसार सांभाळून छंद जपला. तिचा फोन आला, “मॅडम, माझं नाव चौथ्या ओळीत आहे.” त्या आवाजात राग होता, आणि तो रास्त होता. तिच्या यजमानांनी ते कात्रण अभिमानाने रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीच्या जागी, सगळ्यांना दाखवलं. माणूस प्रेमळ आहे, घरी असला की भाकरीसुद्धा टाकतो. पण नवरा प्रेमळ असणं ही व्यवस्था नव्हे. तो गाडीवर गेला की घरात पुन्हा तीच एकटी उरते.

सासूबाईंचा हात

या प्रकरणातला सगळ्यात नाजूक भाग हा, आणि त्यावर माझं मत अजून पूर्ण बसलेलं नाही.

पक्षाघातानंतर आखडलेली मूठ रोज कोमट पाण्यात उघडावी लागते, नाहीतर नखं तळहातात रुततात आणि जखम होते. अंगठा आधी बाहेर घ्यायचा, मग करंगळीकडून एकेक बोट सोडवत यायचं. ही कृती तिने कितीतरी खोक्यांवर काढली आहे. बोटांच्या पेरांवरचं गोंदण, सैल झालेली कातडी, मधोमध दडलेला तळहाताचा पांढरा ओलसर भाग. चित्रं थक्क करणारी आहेत. पण हात ज्यांचा आहे त्या बाई जिवंत आहेत, पलंगावर आहेत आणि घरात मान असलेल्या सासू आहेत. त्यांचं असाहाय्यपण भिंतीवर लावायचा हक्क सुनेला आहे का?

मी हे तिला विचारलं. ती म्हणाली, “मी त्यांनाच विचारलंय.” सासूबाई पारोळ्याकडच्या, बोलणं अहिराणीत. डावी बाजू गेली, पण वाचा शाबूत आहे. चित्र त्यांच्या पुढे धरलं तेव्हा त्यांनी उजव्या हाताने ते जवळ ओढलं आणि म्हणाल्या, “हाऊ मना हात शे का?” मग बराच वेळाने, “हात दखाड, तोंड नको दखाडू.” तेव्हापासून तिच्या एकाही चित्रात सासूबाईंचा चेहरा नाही. नातेवाइकांपैकी काहींना हे तरीही आवडलेलं नाही. घरातलं दुखणं चव्हाट्यावर मांडलं, असं म्हणणारे आहेत. दरसाल कानबाई ही खानदेशातली देवी घरात बसते तेव्हा अख्खं भाऊबंद या घरी रोट खायला जमतं, आणि त्या गर्दीत तिला टोमणे ऐकावे लागले.

मुलांच्या चित्रांबद्दल तर आणखी अवघड आहे. तान्ह्या बाळाची परवानगी कुणी घ्यायची? तिचा मुलगा आता मोठा झाला आहे. त्याने दोन चित्रं लावू नको म्हणून सांगितलं आणि तिने ती काढून घेतली. माझ्या मते तिने केलं ते बरोबर. मातृत्वावर काम करणाऱ्या कलावंतांबद्दल बोलताना हा प्रश्न आपण भिडेखातर टाळतो. तो टाळू नये. ज्याची काळजी घ्यायची त्याचाच देह चित्राचा विषय असतो, आणि म्हणून नकार द्यायचा त्याचा हक्क आधी येतो.

कडी असलेली खोली

प्रदर्शनानंतर तिला एका निवासी कला उपक्रमाचं बोलावणं आलं. महिनाभर राहायचं, काम करायचं, जेवणखाण त्यांचं. अट अशी की सोबत कुणी आणायचं नाही. तिने अर्ज भरलाच नाही. महिनाभर सासूबाईंची मूठ कोण उघडणार?

अमेरिकेत लेन्का क्लेटन यांनी २०१२ मध्ये यावर एक तोड काढली. त्यांनी आपलं घर आणि आपलं आईपण हाच निवासी उपक्रम म्हणून जाहीर केला, आणि पुढे २०१६ पासून इतर आयांनाही तसा तो आपापल्या घरी करता येईल अशी खुली सोय केली. मला ही कल्पना फार आवडते, म्हणून मी ती उत्साहाने हिला सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मॅडम, मी नऊ वर्षं तेच केलंय. आता मला घराबाहेर एक खोली पाहिजे, आतून कडी लागणारी. दिवसाचे दोन तास.”

तिचं म्हणणं मला पटतं. परातीतलं काम कितीही सुंदर असलं तरी ती तिची निवड नव्हती, तिला मिळालेली जागा तेवढीच होती. आई असलेल्या कलावंतांचं कौतुक करताना त्यांची अडचणच त्यांची शैली म्हणून गोड करून टाकायचा मोह होतो. पुढे कदाचित ही बाई सहा फुटी कॅनव्हासवर तैलरंगात डोंगर रंगवेल. तेव्हा ‘आता पूर्वीसारखा जिव्हाळा राहिला नाही’ असं कुणी म्हणू नये.

जळगावातल्या एका शाळेच्या संस्थाचालकांनी सुट्टीच्या काळात चित्रकलेचा वर्ग वापरू द्यायचं कबूल केलं आहे. भुसावळ-जळगाव गाडीने अर्ध्या तासाचं अंतर, पण जाणं-येणं धरून तिचे दोन तास त्यातच जातात. भुसावळातच जागा शोधणं चालू आहे. रेल्वे वसाहतीत रिकाम्या खोल्या आहेत. त्यांतली एखादी नाममात्र भाड्याने मिळावी म्हणून अर्ज तयार केला आहे.

यंदाच्या नियमावलीवर समितीत एकच वाद उरला आहे. चोपड्याच्या बाजूच्या एका चित्रकाराने पाचशे रुपयांच्या भत्त्यासाठी अर्ज केला. त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले आहेत आणि सगळं तोच करतो. दोन सदस्यांचं म्हणणं की भत्ता आयांसाठी सुरू केला, तो आयांपुरताच राहू द्यावा, नाहीतर पैसे पुरणार नाहीत. माझं मत वेगळं आहे आणि ते मी लेखी दिलं आहे. जो रात्री उठतो, जो लंगोट किंवा चादर बदलतो, त्याला भत्ता मिळावा. पैसे कमी पडत असतील तर उद्घाटनाचा मांडव लहान करावा. बैठक पुढच्या महिन्यात आहे.